एकच चढ, दोन घड्याळं: गुंजवणे ते राजगड चढताना मुलामुलींचे आकडे वेगळे का येतात?

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळलं, की मार्गासनी, साखर करत आपण गुंजवण्याला पोहोचतो. वेल्हे तालुक्यातलं (आता राजगड तालुका) हे गाव म्हणजे राजगडाचा पायथा. इथून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर जाणारी वाट शनिवार-रविवारी गजबजलेली असते. हल्ली त्यातल्या निम्म्या लोकांच्या मनगटावर स्मार्टवॉच नाहीतर फिटनेस बँड दिसतो.

वर पोहोचलं की पहिलं काम म्हणजे आकड्यांची तुलना. "माझ्या ८०० कॅलरी, तुझ्या फक्त ५९०?" "तुझे ठोके १७० वर गेले, माझे १५० च होते!" आणि मग निष्कर्ष ठरलेला: मुलीचा स्टॅमिना कमी, नाहीतर तिचं घड्याळ फालतू.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात. जोरदार व्यायामाला स्त्रीचं आणि पुरुषाचं शरीर थोड्या वेगळ्या पद्धतीने उत्तर देतं. घड्याळ त्या उत्तरातला एक छोटा भाग मोजतं आणि उरलेला अंदाजाने भरतं. तो अंदाज कसा लावतात आणि कुठे फसतो, ते आज समजून घेऊ.

घड्याळ खरंच काय मोजतं?

घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. तो प्रकाश त्वचेत शिरतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात बारीक फरक पडतो. त्या फरकावरून हृदयाचे ठोके मोजले जातात. हालचालीचा सेन्सर पावलं मोजतो. जीपीएस अंतर सांगतो. काही घड्याळांत हवेचा दाब मोजून किती मीटर चढलात तेही कळतं.

खरी मोजणी एवढीच. कॅलरी, हार्ट रेट झोन, व्हीओटू मॅक्स, "रिकव्हरीला २६ तास लागतील" हे सगळं त्या मोजणीवरून सूत्राने काढलेलं असतं. सूत्रात तुमचं वय, वजन, उंची आणि लिंग जातं. अकाउंट उघडताना घाईघाईत भरलेला तो फॉर्म आठवतोय? तुमच्या अर्ध्या आकड्यांचं मूळ तिथे आहे.

आणि मोजणीतही चूक होते. चोर दरवाज्याखालच्या कातळात रेलिंग धरून चढताना मनगट वाकतं, पकड घट्ट होते, पट्टा सरकतो. तिथे दिसलेला ठोक्यांचा आकडा फार मनावर घेऊ नका. सपाटीवर येऊन मिनिटभर थांबल्यावर दिसेल तो जास्त खरा.

सगळा खेळ एका ठोक्याचा

चढताना पायांच्या स्नायूंना ऑक्सिजन लागतो. तो रक्तातून येतो आणि रक्त हृदय ढकलतं. घड्याळ ठोके मोजतं, पण एका ठोक्यात किती ऑक्सिजन गेला हे त्याला कळत नाही. स्त्री-पुरुषांतला मोठा फरक नेमका इथे आहे.

पहिली गोष्ट, हृदयाचा आकार. सरासरी पाहिली तर स्त्रियांचं शरीर लहान असतं आणि हृदयही लहान असतं. त्यामुळे एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं. तेवढंच काम करायचं तर ठोके वाढवावे लागतात.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिन. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हे प्रथिन. पुरुषांत ते १०० मिलिलिटर रक्तात साधारण १३ ते १७ ग्रॅम असतं, स्त्रियांत १२ ते १५. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. म्हणजे हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन, आणि १३.५ असेल तर १८.

आता दोन्ही एकत्र करा. लहान हृदय गुणिले थोडं पातळ इंधन. एकाच वेगाने शेजारी शेजारी चढणाऱ्या मुलाचे ठोके १५० आणि मुलीचे १६५ असतील, तर तिच्या शरीरात काहीही बिघडलेलं नाही. तिचं हृदय तेच काम जास्त फेऱ्यांत करतंय.

हा फरक वयात येताना पडतो. त्याआधी धावण्यात मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीने असतात. पुढे टेस्टोस्टेरॉनमुळे मुलग्यांचं हिमोग्लोबिन आणि स्नायू वाढतात आणि अंतर पडत जातं. अर्थात हे सगळं सरासरीचं गणित आहे. नियमित डोंगर चढणारी मुलगी आठवडाभर खुर्चीवर बसून कोड लिहिणाऱ्या मुलाला गुंजवण्याच्या पहिल्याच टप्प्यात मागे टाकते.

एक टिक बदला, २२७ कॅलरी गायब

कॅलरीचं सूत्र कसं चालतं ते प्रत्यक्ष पाहू. बहुतेक कंपन्या आपलं सूत्र उघड करत नाहीत, पण एक प्रसिद्ध सूत्र सगळ्यांना उपलब्ध आहे. ते दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं. त्यात स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे गुणांक आहेत.

समजा वय २७, वजन ६० किलो, सरासरी ठोके १५०, वेळ एक तास.

- फॉर्ममध्ये "पुरुष" निवडलं: मिनिटाला १३.६, तासाला सुमारे ८१६ कॅलरी
- फॉर्ममध्ये "स्त्री" निवडलं: मिनिटाला ९.८, तासाला सुमारे ५८९ कॅलरी

बाकी सगळं तेच. फक्त एक टिक बदलली आणि २२७ कॅलरींचा फरक पडला.

हा भेदभाव आहे का? नाही. सूत्र म्हणतंय, स्त्रीच्या एका ठोक्यात सरासरी कमी ऑक्सिजन जातो, म्हणून १५० ठोक्यांत झालेलं कामही कमी. उलट बाजूने बघा. दोघांचं वजन सारखं आहे आणि दोघे त्याच वाटेने तेवढ्याच वेळात वर आले, तर त्याचे ठोके कमी असतील, तिचे जास्त, आणि कॅलरी जवळपास सारख्या निघायला हव्यात. गुरुत्वाकर्षण तुमचं लिंग विचारत नाही.

गुंजवण्याहून गडापर्यंत साधारण ६०० मीटर उंची चढायची असं धरू. ६० किलोचं शरीर तेवढं उचलायला सुमारे ३५३ किलोज्यूल, म्हणजे ८४ किलोकॅलरी काम लागतं. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतला २० ते २५ टक्केच भाग असल्या कामात वापरतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे नुसत्या चढाईचा हिशोब ३४० ते ४२० किलोकॅलरी. आडवं चालणं, हात वापरून चढणं हे वरून वेगळं. पाठीवर सॅक असेल तर तिचंही वजन धरा. पण हा हिशोब दोघांसाठी एकच आहे.

आता त्याच सूत्राची एक गंमत. स्त्रियांच्या भागात वजनाच्या पुढे उणे चिन्ह आहे. ६० च्या जागी ८० किलो टाकले तर मिनिटाच्या ९.८ कॅलरी वाढण्याऐवजी ९.२ होतात! डोंगर चढताना हे कसं शक्य आहे? सूत्र नियमित व्यायाम करणाऱ्या ११५ लोकांच्या मोजणीवरून बसवलेलं आहे. तेवढ्या लोकांत जुळलेली रेघ सगळ्यांना आणि सगळीकडे लागू होईलच असं नाही. म्हणून कॅलरीचा आकडा पाहून "आता दोन वडापाव हक्काचे" असं ठरवू नका.

एसपीओटू ९८ टक्के, तरी धाप का लागते?

हा भाग मुलींनी नीट वाचावा, आणि ज्यांच्या घरात आई-बहीण आहे त्या मुलांनीही.

बऱ्याच घड्याळांत रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. ९७-९८ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण तो आकडा सांगतो की जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे तो सांगत नाही.

स्वारगेटचं उदाहरण घ्या. सकाळी २० बस सुटल्या आणि प्रत्येक बस ९८ टक्के भरलेली. दुसऱ्या दिवशी १२ च बस सुटल्या आणि त्याही ९८ टक्के भरलेल्या. टक्केवारी तीच, पण पोहोचलेले प्रवासी कितीतरी कमी. ॲनिमियात हेच होतं. हिमोग्लोबिन १० असेल तर १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन जेमतेम १३ मिलिलिटर, आणि घड्याळ मात्र ९८ दाखवून खूश.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रिया यात येतात.

म्हणजे एखादी मैत्रीण दर पन्नास पावलांवर थांबत असेल, ठोके पटकन वर जात असतील आणि उतरायला वेळ घेत असतील, तर "तू जिमला जा" हा सल्ला देण्याआधी रक्ताची साधी तपासणी करायला सांगा. सीबीसी नावाची ही तपासणी जवळपास प्रत्येक लॅबमध्ये होते. कोणतंही घड्याळ तिची जागा घेऊ शकत नाही. आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आधी रिपोर्ट, मग डॉक्टर.

२२० वजा वय: सोपं, पण ढोबळ

हार्ट रेट झोनचे रंग तुमच्या कमाल ठोक्यांवरून ठरतात. अनेक ॲप आजही २२० वजा वय हे सूत्र धरतात. १९७० च्या सुमारास आलेलं हे ढोबळ सूत्र पाठ करायला सोपं म्हणून टिकलं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र दिलं. २०१० मध्ये मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातल्या ३५ वर्षांवरच्या ५,४३७ स्त्रियांच्या तपासणीवरून खास स्त्रियांसाठी २०६ वजा ०.८८ गुणिले वय हे सूत्र मांडलं.

समजा ५० वर्षांची आई तुमच्याबरोबर गडावर येतेय. तिन्ही सूत्रांची उत्तरं अशी:

- २२० वजा वय: १७०
- तनाका: १७३
- गुलाटी: १६२

जुन्या सूत्राप्रमाणे ८५ टक्के म्हणजे १४४ ठोके, गुलाटींच्या सूत्राप्रमाणे १३८. म्हणजे घड्याळ ज्याला "मध्यम" म्हणतंय, तो आईसाठी "जोरदार" असू शकतो. विशीतल्या मुलामुलींत मात्र कमाल ठोक्यांचा सरासरी फरक फारसा नसतो. आणि कोणतंही सूत्र घ्या, एकाच वयाच्या दोन माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो.

म्हणून सगळ्यात भरवशाची चाचणी फुकट आहे: बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तर वेग ठीक आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर जोर जास्त होतोय. एक शब्दही निघत नसेल तर थांबा.

वेगात पुरुष पुढे, पण टिकण्यात?

आतापर्यंतचं वाचून वाटेल की स्त्रियांकडे सगळं कमीच. तसं नाही.

आधी वेग बघू. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आपल्याकडची दोन नावं आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आणि साताऱ्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद वेळ दिली. ललिताने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावून अंतिम फेरी गाठली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. दोन वेळांत सुमारे १४ टक्के फरक आहे. अडथळ्यांची उंचीही वेगळी असते: पुरुषांना ९१.४ सेंटीमीटर, स्त्रियांना ७६.२. सर्वोच्च पातळीवर ताकद आणि ऑक्सिजनचा फरक असा दिसतो.

आता टिकणं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार धावांची नोंद तपासली. शर्यतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी घटला, स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. म्हणजे स्त्रियांनी वेग जास्त सारखा राखला.

कारणं दोन प्रकारची. शरीराचं कारण असं, की लांब चालणाऱ्या व्यायामात स्त्रिया सरासरीने चरबी जास्त जाळतात आणि साठवलेली साखर पुरवून वापरतात. त्यांच्या स्नायूंत हळू थकणाऱ्या तंतूंचा वाटाही थोडा जास्त असतो. दुसरं कारण स्वभावाचं. पुरुष सुरुवातीलाच जोर लावतात. गुंजवण्याच्या वाटेवर हे रोज दिसतं: पहिल्या झाडीत धावत सुटलेला ग्रुप वरच्या कातळाखाली बसलेला असतो, आणि सावकाश निघालेले शांतपणे पुढे जातात.

ऊन, पाणी आणि पाळी

पुरुषांना सरासरी जास्त घाम येतो, त्यामुळे त्यांचं पाणी आणि मीठ लवकर जातं. पण स्त्रियांनी तेवढंच पाणी ढोसायचं असं नाही. लहान शरीरात गरजेपेक्षा जास्त साधं पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, आणि लांब शर्यतींत हा धोका स्त्रियांत जास्त दिसलाय. ॲपचं "पाणी प्या" हे नोटिफिकेशन आज्ञा समजू नका. तहान लागेल तसं प्या. वाटेत मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत मिळालं तर उत्तम.

बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतच्या दिवसांत शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं आणि विश्रांतीचे ठोकेही थोडे वाढतात. घड्याळ याला कधी कधी "रिकव्हरी कमी" म्हणतं. तुम्ही आजारी नसता, फक्त महिन्याचा तो भाग असतो. ॲपमध्ये पाळीची नोंद असेल तर दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघा. पाळीच्या दिवसांत चढू नये असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. सरासरी कामगिरीत फरक अगदी किरकोळ असतो, पण प्रत्येकीचा अनुभव वेगळा. त्रास होत असेल तर वेग कमी करा.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. खूप व्यायाम आणि कमी खाणं यामुळे सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ते फिटनेसचं लक्षण नाही. शरीराला इंधन कमी पडतंय आणि त्याचा फटका हाडांनाही बसतो. कॅलरीचा आकडा वाढवण्याच्या नादात असलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. अशा वेळी डॉक्टरांकडे जायलाच हवं.

निघण्याआधी पाच मिनिटं

१. प्रोफाइलमध्ये वय, वजन, उंची, लिंग बरोबर आहे ना ते बघा. दोन वर्षांपूर्वीचं वजन तसंच असेल तर बदला.
२. भावाच्या अकाउंटला जोडलेलं घड्याळ बहिणीने तसंच घालू नये. सगळे अंदाज चुकतील.
३. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्टसर बांधा.
४. कमाल ठोके हाताने भरायची सोय असेल तर सूत्राऐवजी स्वतःचा प्रत्यक्ष दिसलेला आकडा भरा.
५. नकाशा आधीच डाउनलोड करा. गडाच्या वाटेवर रेंज मिळेलच असं नाही.
६. आकड्यांची तुलना मित्राशी करू नका. स्वतःच्या मागच्या ट्रेकशी करा. तीच वाट, तेवढाच वेळ आणि ठोके कमी, ही खरी प्रगती.

घड्याळ काहीही म्हणो, इथे थांबायचं

छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थांबूनही न जाणारी धाप, उन्हात घाम बंद होणं किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही झालं तर चढ तिथेच संपला. व्यायाम करताना अचानक हृदय बंद पडण्याच्या घटना पुरुषांत कितीतरी जास्त होतात. त्यामुळे "मी थांबलो तर काय म्हणतील" हा विचार मुलांना महागात पडू शकतो. स्त्रियांत हृदयाच्या त्रासात छातीतल्या दुखण्याबरोबर मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विलक्षण थकवा अशी लक्षणंही बऱ्याचदा दिसतात. ती "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडून देऊ नका. सावलीत बसवा, एकटं सोडू नका, रेंज मिळताच १०८ ला फोन करा आणि कोणाला तरी खाली गावात मदतीसाठी पाठवा.

ग्रुपचा वेग ठरवताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मग तो मुलगा असो की मुलगी, आणि त्याच्या घड्याळात कितीही दिसत असो.